पुरावा आणि निर्णय

प्रस्तावना

रोग्याच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला क्षणोक्षणी निर्णय घ्यावे लागतात. कोणते औषध द्यावे, कोणाला देऊ नये, या प्रश्नांची उत्तरे पूर्वी अनुभवातून, गुरुजनांकडून व ग्रंथांतून मिळत. आता ती संगणकाच्या पडद्यावरही मिळतात. ही साधने का निर्माण झाली आणि त्यांची मर्यादा कोणती, हे एका उपचाराच्या इतिहासावरून या पाठात समजून घ्यावयाचे आहे.

मूळ पाठ

दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाची फुप्फुसे अपक्व असतात; त्याला श्वास घेणे कठीण जाते. १९७२ साली न्यूझीलंडमधील ग्रॅहॅम लिगिन्स व रॉस हाउई या डॉक्टरांनी एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अकाली प्रसूतीची शक्यता असलेल्या मातांना कॉर्टिकोस्टेरॉइड गटातील औषधाची इंजेक्शने दिल्यास बालकांचा श्वसनाचा त्रास व मृत्यू कमी होतात, असे त्यांना आढळले. औषध स्वस्त होते. पुढे इतरत्रही चाचण्या झाल्या. परंतु त्यांचे निष्कर्ष निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले राहिले. त्यांचा एकत्रित पद्धतशीर आढावा १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत बहुसंख्य प्रसूतितज्ज्ञांना या उपचाराचे महत्त्व उमगले नव्हते. मधल्या सतरा वर्षांत दगावलेल्यांपैकी अनेक बालके वाचू शकली असती. औषध उपलब्ध होते. त्याविषयीचे ज्ञान मात्र एकत्र नव्हते.

ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी ही उणीव १९७९ मध्येच दाखवून दिली होती. त्यांच्या नावाने १९९३ मध्ये स्थापन झालेली संस्था जगभरातील चाचण्या तपासून त्यांचे आढावे ‘कॉक्रन लायब्ररी’त प्रसिद्ध करते. वरील चाचण्यांचा आलेखच तिच्या बोधचिन्हात आहे. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ‘पबमेड’ ही सूची सर्वांना विनामूल्य खुली केली. तीत आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. २००७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने कॉक्रन लायब्ररी सर्व भारतीयांसाठी विनामूल्य उपलब्ध करून दिली. २०१९ मध्ये याच परिषदेने उपचारांचे टप्पे दाखवणारे प्रमाणित तक्ते प्रसिद्ध केले. त्यामुळे मोठ्या ग्रंथालयापासून दूर असलेल्या डॉक्टरलाही आधार मिळू लागला.

परंतु ज्ञान हाताशी आले म्हणजे निर्णय आपोआप अचूक होतो, असे नाही. हाच उपचार प्राथमिक आरोग्य सेवेच्या पातळीपर्यंत पोहोचवून सहा देशांत एक मोठी चाचणी घेण्यात आली. भारतात ती बेळगाव व नागपूर परिसरात झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी सर्वांना विचार करावयास लावले. अत्यल्प वजनाच्या बालकांचे मृत्यू घटले नाहीत; उलट एकंदर नवजात मृत्यूंत वाढ दिसली. गर्भाचे नेमके वय ठरवण्याची सोय सर्वत्र नसल्याने, ज्यांची प्रसूती पुढे वेळेवर झाली अशा अनेक मातांनाही औषध दिले गेले होते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या उपचारासाठी अटी सांगितल्या : गर्भाचे वय अचूक ठरवता यावे, मातेला संसर्ग नसावा, प्रसूतीची व नवजात बालकाची योग्य काळजी घेता यावी. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत सोनोग्राफीने वय निश्चित करून चाचणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार बालमृत्यू घटले.

औषध तेच, परिस्थिती निराळी. म्हणून परिणामही निराळा. पडद्यावरील माहिती अनेक रोग्यांविषयी असते. डॉक्टरसमोरचा रोगी एकच असतो. ही माहिती कोणत्या रोग्यांवरून, कोणत्या सोयी असताना व केव्हा मिळाली, हे पारखूनच तिचा उपयोग करावा लागतो. साधन पुरावा पुढे ठेवते. तो या रोग्याला लागू पडतो की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी डॉक्टरचीच राहते.

शब्दार्थ

अपक्व – पूर्ण वाढ न झालेले
नियतकालिक – ठरावीक काळाने प्रसिद्ध होणारे प्रकाशन
बोधचिन्ह – संस्थेची ओळख सांगणारे चिन्ह

स्वाध्याय

१. १९७२ मधील निष्कर्षांचा लाभ अनेक बालकांना का मिळू शकला नाही?
२. २०१५ व २०२० मधील निष्कर्षांत फरक का पडला, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. ‘औषध तेच, परिस्थिती निराळी’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.