खुराड्यापुढचा चिखल घालवू, पिलं वाचवू

मैत्रिणींनो, आखाडात गावठी कोंबड्याला चांगला भाव येतो. पण नेमक्या त्याच दिवसांत खुराड्यापुढे चिखल होतो आणि पिलं मरायला लागतात. मग आपण म्हणतो, "पावसाळाच आहे, काय करणार?" करण्यासारखं बरंच आहे, आणि तेही कमी खर्चात.

चिखलाने काय बिघडतं?
आजारी पिलाच्या विष्ठेतून रक्ती हगवणीचे जंतू बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ते दुसऱ्या पिलाला बाधण्याइतके तयार होतात. कोरड्या जागेत त्यांना तशी संधी मिळत नाही. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना धोका जास्त. म्हणून औषधाआधी जागा कोरडी करायची.

१. आधी पाणी वळवा. पाऊस पडत असताना बाहेर उभं राहून बघा, पाणी येतं कुठून? छपराच्या पागोळ्यांचं, वरच्या अंगणातलं, की मोरीचं? पागोळ्यांखाली बांबू किंवा जुना पाइप उभा चिरून पन्हळ लावा. खुराड्याच्या वरच्या बाजूला वीतभर खोल चर काढून पाणी उताराकडे सोडा.

२. चिखल खरवडून काढा. त्यावर पेंढा किंवा गवत पसरू नका. ते कुजतं आणि चिखल वाढतो. काढलेला चिखल खतखड्ड्यात टाका.

३. भराव घाला. खाली विटांचे तुकडे, वर चार बोटं मुरूम, आणि धुमसाने चोपून घ्या. मध्ये उंच, कडेला उतार ठेवा. टोकदार खडी वर राहिली तर कोंबडीच्या पायाला जखम होते.

४. आत कोरडं अंथरूण ठेवा. खुराड्यात दोन ते तीन इंच भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. बुरशी आलेला नको. दिवसाआड दाताळ्याने वर-खाली करा. मूठभर दाबून बघा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, सुटला तर ठीक. आत वाकल्यावर डोळे चुरचुरले तर ओला भाग लगेच बदला.

५. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा. भांड्याचा काठ कोंबडीच्या पाठीइतका उंच असला की पाणी कमी सांडतं.

चुन्याचं काय?
"चुना मारला की झालं" असं पुष्कळजणी म्हणतात. चुन्याने ओल थोडी कमी होते, पण रक्ती हगवणीचे जंतू त्याने मरतीलच असं नाही. जाड थर दिला तर कोंबड्यांचे पाय भाजतात. हलकासा भुरभुरून अंथरुणात मिसळा, पण पाणी वळवायचं काम त्याने टळत नाही.

लक्ष ठेवा
पिलू पंख पाडून बसलं, खाईना, तुरा फिका पडला किंवा विष्ठेत रक्त दिसलं, तर ते लगेच वेगळं ठेवा. गावच्या पशुसखीला बोलवा किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. माणसाच्या गोळ्या देऊ नका.

बैठकीतलं काम
पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीने आपल्या खुराड्याला पाणी कुठून येतं ते बघून यावं. चर खणणं आणि मुरूम टाकणं एकटीला जड जातं. चौघी-पाचजणींनी मिळून रोज एकीच्या घरी काम केलं, तर आठवड्याभरात सगळ्यांची खुराडी कोरडी होतील. कोंबडीचा पैसा थेट आपल्या हातात येतो. तो चिखलात घालवायचा नाही.