रस्त्याची जाडी कोणत्या हिशोबाने ठरवावी?



कापडाच्या धंद्यात आम्ही गाठीच्या भाड्याचा हिशोब पै-पैने करतो. मात्र ती गाठ ज्या रस्त्यावरून येते त्याची जाडी कोणी, कशी ठरवली हे विचारत नाही. रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला की ट्रकचे पाटे तुटतात, भाडे वाढते. पुन्हा खोदकाम निघाले की गिऱ्हाईक बाजारात फिरकत नाही. म्हणून या विषयाची तोंडओळख आपल्या फायद्याची आहे.

डांबरी रस्ता म्हणजे थरांवर थर. खाली माती, तिच्यावर मुरूम-खडी, वर डांबर. चाकाचे वजन पसरवून मातीला झेपेल एवढेच खाली पोहोचवणे, हे या थरांचे काम. त्यांची जाडी ठरवण्याच्या मुख्य पद्धती अशा :

1) अनुभवाची पद्धत : हिला सी.बी.आर. म्हणतात. 1920 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग खात्यात ओ. जे. पोर्टर यांनी ती बसवली. माती साच्यात ठोकून चार दिवस पाण्यात ठेवतात. मग ठराविक दांडा 2.5 मि.मी. आत शिरायला किती जोर लागतो ते मोजतात. उत्तम खडीला 1370 किलो लागतात. त्याच्याशी टक्केवारी काढतात. आपली काळी माती बहुधा 2 ते 4 टक्क्यांतच राहते. या आकड्यावरून तयार आलेखात जाडी मिळते. काम स्वस्त व सोपे. पण आलेख ज्या अनुभवावर बेतला, त्यापलीकडची रहदारी आली की तो कमी पडतो.

2) प्रत्यक्ष चाचणीची पद्धत : 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे खास रस्ते बांधून त्यांवर वजनदार ट्रक सतत फिरवले गेले. त्यातून मोठा धडा मिळाला : ॲक्सलवरचे वजन दुप्पट केले तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे 16 पट होते. सव्वापट वजनाने ती जवळजवळ अडीचपट होते. भाडे वाचवण्यासाठी जादा माल भरणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आय.आर.सी. 37 या नियमावलीत 1970 साली रोजच्या व्यापारी वाहनांची संख्या धरली जाई. 1984 पासून 8160 किलोच्या प्रमाण ॲक्सलचा हिशोब आला.

3) गणिताची पद्धत : डांबराच्या थराच्या तळाशी किती ताण पडतो, यावरून भेगा कधी पडतील ते काढतात. मातीच्या माथ्यावर किती दाब येतो, यावरून चाकोरी कधी पडेल ते काढतात. 20 मि.मी. खोल चाकोरी पडली की रस्ता निकामी धरतात. आय.आर.सी. 37 च्या 2001, 2012 व 2018 च्या आवृत्त्या याच वाटेने गेल्या. हिशोब संगणकावर होतो. नवे साहित्य, जड रहदारी यांसाठी हीच पद्धत योग्य. मात्र संगणकात चुकीचे आकडे भरले तर जाडीही चुकीचीच निघेल.

सिमेंटच्या रस्त्याचे शास्त्र वेगळे, त्यासाठी आय.आर.सी. 58 आहे. तेथे लादी वजनाने वाकते, शिवाय दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकाने तिच्यावर ताण येतो. बाजारपेठेत असा रस्ता करताना नळ व गटाराची कामे आधी उरकावीत. रस्त्याची उंचीही दुकानाच्या उंबऱ्याच्या खाली राहील, हे पाहावे.

मग निवड कशी करावी? खेड्यातील कमी रहदारीच्या रस्त्याला आय.आर.सी. एस.पी. 72 मधील तयार तक्ते पुरतात. तेथे महाग हिशोबाची गरज नाही. गोदामे, यंत्रमाग व मालट्रक असलेल्या भागात मात्र गणिताचीच पद्धत धरावी. माती तपासणी दोन्हीकडे हवीच.

आपल्या भागात रस्ता मंजूर झाला की व्यापारी संघटनेने नगरपालिकेला लेखी विचारावे :

- मातीची चाचणी कोठे झाली, चार दिवस भिजवून झाली का?
- ट्रक नुसते मोजले की ॲक्सलचे वजनही घेतले?
- किती वर्षांची वाढती रहदारी धरली?
- पावसाचे पाणी कोठून निघणार?

पोत न पाहता नुसत्या मीटरवर आम्ही कापडाचा भाव ठरवत नाही. त्याचप्रमाणे माती व वजन न पाहता ठरवलेली जाडी, ती कोणत्याही पद्धतीची असो, मान्य करू नये.