वेच्याची मान राखावी

बाळा, वक्तृत्व स्पर्धा जवळ आली म्हणून परवा तू एखादं चांगलं वचन मागितलंस आणि मी कपाटातला सुभाषितांचा संग्रह तुझ्या हातात ठेवला. तो वापरायचा कसा, हे सांगायचं मात्र राहून गेलं. विंचूरच्या मातीत शाळेत मराठी शिकवताना आणि सुट्टीत कांदा काढताना मला जे उमगलं, ते लिहून देतो. वहीत चिकटवून ठेव.

पहिला कानमंत्र : वेच्यांच्या पुस्तकाला हलकं समजू नकोस. अशी पुस्तकं आळशी माणसासाठी असतात, असं तुला कोणीतरी सांगेलच. पण आपल्या तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला दिसणारी गोदावरी पुढे पैठणला जाते. पैठणच्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर गाथासप्तशती आहे, म्हणजे माहाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथांचा संग्रह. कोटीभर गाथांतून या निवडल्या, असं ग्रंथच सुरुवातीला सांगतो. कोटीचा आकडा बाजूला ठेव, पण निवडण्याच्या कामाचा त्या काळी केवढा मान होता, ते बघ. शेतकरी, वाटसरू, घरात वाट पाहणारी बाई यांच्या मनातलं आपल्यापर्यंत पोचलं ते कोणीतरी वेचून ठेवलं म्हणून. पुढे 1854 साली परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी ‘नवनीत’ काढलं आणि कित्येक पिढ्यांना जुन्या मराठी कवितेची पहिली ओळख त्यातूनच झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये जॉन बार्टलेट या पुस्तकविक्रेत्यानं प्रसिद्ध वचनांचा संग्रह छापला. कोणतं वाक्य कोणाचं, हे लोक त्यालाच येऊन विचारत. त्याच्या पुस्तकाच्या आवृत्त्या आजही निघतात.

दुसरा : एका बैठकीत वाचू नकोस. निर्णयसागर छापखान्यानं काढलेल्या, काशिनाथ पांडुरंग परब यांनी जमवलेल्या ‘सुभाषितरत्नभाण्डागारा’त दहा हजारांहून जास्त श्लोक आहेत. कादंबरीसारखे सलग वाचायला बसलीस, तर रात्री त्यातला एकही आठवणार नाही. लोणचं ताटात डावीकडे थोडंसंच वाढतात, तसं दिवसाला एक पान पुरे. आणि मनात प्रश्न घेऊन पुस्तक उघडत जा. मैत्रिणीशी बिनसलं असेल तर मैत्रीचं प्रकरण काढ, कामाचा कंटाळा आला असेल तर उद्योगाचं. प्रश्न घेऊन गेलीस की ओळ आपोआप मनात रुजते.

तिसरा : वेचा ही वानगी आहे, माल नाही. आपल्या बाजार आवारात लिलावाला ट्रॉली उभी राहते, व्यापारी वरचे चार कांदे हातात घेतो, दाबून बघतो आणि बोली लावतो. पण खरा सौदा ट्रॉली खाली होताना कळतो. आत माल वेगळा निघाला की वांधा पडतो. वचनाचंही तसंच आहे. एखादी ओळ फार आवडली, तर ती ज्या अभंगातली, नाटकातली, पत्रातली असेल, ते पूर्ण मिळवून वाच. महिन्याला अशी एक ओळ जरी मुळापर्यंत नेलीस, तरी वर्षाला बारा लेखकांची खरी ओळख होते. संग्रहाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच : पुढे काय वाचावं, हे तो सांगतो.

चौथा : वेच्याची मान राख. उन्हाळ कांद्याची पात कापताना आपण विळा अगदी कांद्याला लावत नाही, बोट-दोन बोटं मान ठेवतो. मान ठेवली नाही तर चाळीत कांदा सडतो. वाक्य उचलताना त्याची मानही अशीच ठेवावी : कोण बोललं, कोणाला, कशावरून. नाटकातल्या कपटी माणसाच्या तोंडचं वाक्य नाटककाराचं मत म्हणून फळ्यावर लिहिलेलं मी पाहिलंय. मान तोडून आणलेलं वाक्य दिसायला गोंडस असतं, पण टिकत नाही.

पाचवा : नावाची खात्री कर. नोकरीच्या सुरुवातीला एका समारंभात मी एक वाक्य मोठ्या आवाजात एका संताच्या नावावर खपवलं. कार्यक्रम संपल्यावर एका वृद्ध वारकऱ्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “गुरुजी, गाथेत कुठं आहे ते?” मला सांगता आलं नाही. तेव्हापासून पुरावा नसेल तर मी नाव घेत नाही. आज मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या सुविचारांखाली पु. ल., व. पु. यांची नावं असतात. त्यांतली कितीतरी वाक्यं त्यांच्या पुस्तकांत शोधून सापडत नाहीत. खात्री नसेल तर “एक जुनं वचन आहे” एवढंच म्हण. आणि खात्री करायची असेल, तर नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासून उभं आहे. एसटीनं जाऊन एक दुपार तिथं काढ.

सहावा : उलटं बोलणारी वचनं शेजारी शेजारी ठेव. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण घाईला झापते. न कर्त्याचा वार शनिवार, ही दिरंगाईला झापते. कांदा आज विकावा की चाळीत ठेवावा, याचं उत्तर दोन्हींतून मिळत नाही. पण दोन्ही आठवल्या की भाव, पाऊस आणि घरची गरज या तिन्हींचा विचार होतो. वचन आपल्याला विचार करायला लावतं, निर्णय मात्र आपला आपणच घ्यायचा.

सातवा : भाषणात वचन एकच घे. पाच मिनिटांत पाच थोरांची नावं घेतलीस तर तू कुठेच दिसणार नाहीस. ते एक वचनही सुरुवातीलाच नको. आधी आपल्या गावातलं काही सांग आणि जिथे आपले शब्द अपुरे पडतील, तिथे ते आण. त्यानंतर पुन्हा स्वतःचंच बोल.

शेवटचा : स्वतःची वही कर. मॅनवेरिंग नावाच्या पाद्र्यानं 1899 साली मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजीसह छापला. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी पुढे ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ दोन भागांत केला. या माणसांनी पुस्तकांबरोबर लोकांच्या तोंडचं बोलणंही मोलाचं मानलं. बाजारातला हमाल, भाजी निवडणारी आत्या, बांधावरचा म्हातारा रोज काहीतरी नेमकं बोलून जातात, आणि कोणी लिहीत नाही म्हणून ते त्यांच्याबरोबरच जातं. वाक्य जसंच्या तसं लिही, सुधारू नकोस. खाली नाव, गाव आणि तारीख घाल.

सुरुवात आज रात्रीच कर. जेवणं झाल्यावर आजीजवळ बस, तिला तिच्या आईचं एखादं बोलणं विचार आणि वहीच्या पहिल्या पानावर उतरव. त्याखाली पणजीचं नाव लिहायला विसरू नकोस.