'फँड्री' : न्यायालय नसलेला खटला

अमेरिकेच्या सरहद्दीवरील घोडेस्वारांचे चित्रपट आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असतील. गोरा नायक आणि त्याची बंदूक, याहून अधिक त्यांत बहुधा नसते. जॉन फोर्ड यांचा १९६० सालचा 'सार्जंट रटलेज' मात्र वेगळा आहे. त्यात कृष्णवर्णीय पलटणीतील एका सार्जंटवर गोऱ्या मुलीच्या खुनाचा आळ येतो. कातडीचा रंग हाच जणू पुरावा! अखेरीस खरा गुन्हेगार गोरा असल्याचे लष्करी न्यायालयातच उघड होते आणि सार्जंट निर्दोष सुटतो.

आपल्याकडील सरहद्द गावाच्या वेशीवरच असते. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) तेथे घडतो. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची वाट खुली केली, त्यांत पुढे कैकाडीही आले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु शाळकरी जब्याच्या घरी डुकरे धरण्याचे काम जन्मानेच आलेले आहे. त्याच्यावर कसलाही आरोप नाही, त्यामुळे निर्दोष सुटण्याचीही सोय नाही.

एक प्रसंग नीट अभ्यासावा. सारे कुटुंब डुकराच्या मागे धावत असते. डुक्कर हाती येणार, तोच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. जब्या जागीच ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निघून जाते. चित्रपटगृहात येथे हशा पिकतो. आम्हांला मात्र हसू आले नाही. राष्ट्राचा मान राखणारे हे कुटुंब त्या वेळी गावाच्या थट्टेचा विषय झालेले असते. पुढे बांधलेले डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेची भिंत दिसते. तिच्यावर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगविलेले आहेत. संवाद एकही नाही.

जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे यास उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तो योग्यच होय.

आपण बौद्ध प्रेक्षक साहजिकच जब्याच्या बाजूने उभे राहतो. परंतु शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे पाहणाऱ्यांवर येतो; त्यांतून आपण वगळलेले नाही. शेलार-भिवंडीच्या कडेला कैकाडी, वडार, पारधी यांची पाले पडतात, तेव्हा आपल्या मुलांच्या तोंडी कोणते शब्द असतात? चित्रपट दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा जब्याकडे न पाहता कडेच्या गर्दीकडे पाहा. त्रास देणारी पोरे थोडी आहेत. बाकीचे नुसती मजा पाहायला उभे आहेत.