पिंपरीचे पेनिसिलिन

इ. स. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. देशाचा कारभार आपल्या हाती आला. परंतु रोग्याच्या उशाशी लागणारे औषध मात्र आपल्या हाती नव्हते. न्यूमोनियाने तापलेले मूल, बाळंतरोगाने अंथरुणाला खिळलेली माता, चिघळलेल्या जखमेने तळमळणारा मजूर, या सर्वांना जीवदान देणारे पेनिसिलिन तेव्हा परदेशांतून येत असे. त्यासाठी परकीय चलन मोजावे लागे, आणि नवस्वतंत्र देशाच्या तिजोरीत ते बेताचेच होते. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारा तहानेला किती काळ निर्धास्त राहू शकेल?

पेनिसिलिन हे एका बुरशीपासून मिळते. लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये त्याचा शोध लागला. पुढे ऑक्सफर्ड येथील फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे औषध सिद्ध केले, व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ते मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. परंतु ते कसे तयार करावे, ही विद्या मोजक्याच देशांपाशी होती. औषधकंपन्या आपल्या कृती गुप्त ठेवीत आणि मोल घेऊनच त्या इतरांना देत.

भारतापुढे तीन मार्ग होते. औषध विकत घेत राहावे, हा पहिला. परदेशी कंपनीलाच येथे कारखाना काढू द्यावा, हा दुसरा. आणि ती विद्या स्वतः शिकून घ्यावी, हा तिसरा. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले मेजर जनरल साहिबसिंग सोखी यांनी तिसऱ्या मार्गाचा आग्रह धरला. ते पुढे जागतिक आरोग्य संघटनेतही मोठ्या अधिकारपदावर होते.

अखेर तिसराच मार्ग ठरला. १९५४ मध्ये भारत सरकारने 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' ही कंपनी स्थापन केली. जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांचे साहाय्य दिले, तर 'युनिसेफ' या बालकांसाठी झटणाऱ्या संस्थेने यंत्रसामग्री पुरविली. कारखाना मात्र भारताच्याच मालकीचा राहिला. त्या काळी जग दोन बलाढ्य गटांत विभागले गेले होते. एकाची मदत घ्यावी, तर त्याच्या दावणीला बांधले जाण्याचे भय होते. या दोन्ही संस्था सर्व राष्ट्रांच्या होत्या. त्यांचे साहाय्य घेताना कोणापुढे मान तुकवावी लागली नाही.

कारखान्यासाठी पुण्याजवळचे पिंपरी हे गाव निवडण्यात आले. जवळून पवना नदी वाहते. मुंबई-पुणे लोहमार्ग आणि हमरस्ता हाकेच्या अंतरावर आहेत. पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही होती. १९५५ मध्ये पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले.

हे काम मोठ्या निगुतीचे असते. प्रयोगशाळेत जपलेली बुरशी आधी लहान भांड्यात वाढवितात, मग ती पोलादाच्या प्रचंड बंद टाकीत सोडतात. तेथे तिला साखरेसारखे खाद्य आणि जंतुरहित हवा अखंड पुरवावी लागते. बाहेरचे जंतू आत शिरले, तर सारी टाकी वाया जाण्याचा धोका! काही दिवसांनी तो द्रव गाळतात, त्यातून पेनिसिलिन वेगळे काढतात, शुद्ध करतात आणि कोरडी पूड कुप्यांत भरतात. ही दक्षता केवळ पुस्तक वाचून येत नाही. ती हाताने काम करूनच अंगी बाणते.

पिंपरीचे शास्त्रज्ञ केवळ शिकलेले गिरवीत बसले नाहीत. डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीजन्य रोगांवर 'हॅमायसिन' हे नवे औषध शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याचे नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे ठेवण्यात आले. एका लहानशा गावाचे नाव अशा रीतीने विज्ञानाच्या ग्रंथांत गेले. पुढे अमेरिकेतील एका कंपनीच्या सहकार्याने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनही येथे होऊ लागले. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाच्या साहाय्याने भारताने आणखी एक सरकारी औषधकंपनी काढली. भारत दोन्ही गटांकडून शिकला; अंकित मात्र कोणाचाच झाला नाही.

कारखान्यामागून कारखाने आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारांत यंत्रांची घरघर सुरू झाली, आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे उद्योगांचा हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. तेथे २००९ मध्ये एका जर्मन कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला.

परंतु या कथेला दुसरी बाजूही आहे. पुढील काळात चीनमधून पेनिसिलिन स्वस्त दराने येऊ लागले. त्याच्यापुढे भारतीय माल टिकेना. पिंपरीतील पेनिसिलिनच्या टाक्या थंडावल्या, देशातील इतर उत्पादकांनीही हात आखडता घेतला, आणि मूळ औषधासाठी भारत पुन्हा बाहेरच्या देशावर विसंबू लागला. २०२० मध्ये करोनाच्या साथीने देशोदेशींचे व्यवहार विस्कळीत केले, तेव्हा ही उणीव तीव्रतेने जाणवली. त्याच वर्षी सरकारने अशी मूळ औषधे देशात तयार करणाऱ्यांना आर्थिक उत्तेजन देण्याची योजना जाहीर केली. त्या औषधांत पेनिसिलिनही होते.

स्वस्त वस्तू बाहेरून घेणे हा काही अपराध नव्हे. व्यापारानेच राष्ट्रे एकमेकांच्या उपयोगी पडतात. पण जी वस्तू नसेल तर माणसांचे प्राण जातात, ती निर्माण करण्याची विद्या मोडीत काढणे परवडत नाही. दुसऱ्याकडून विद्या घेण्यात कमीपणा नाही. ती मिळवून हरवून बसण्यात मात्र मोठी हानी आहे. खणलेली विहीरही वेळोवेळी उपसावी लागते; नाहीतर ती गाळाने भरून जाते.

स्वाध्याय

१. भारतापुढे कोणते तीन मार्ग होते? तिसरा मार्ग का निवडला असावा?
२. कारखान्यासाठी पिंपरी हे ठिकाण का सोयीचे होते?
३. 'दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे' व 'दावणीला बांधणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. 'खणलेली विहीरही वेळोवेळी उपसावी लागते', हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.