पेरणीपूर्वीची पारख

पिंपळगाव बसवंतच्या आसपास, किंबहुना सबंध निफाड तालुक्यात, पौषमाघातील थंडी कडक असते. उन्हाळी भुईमुगास ती मानवत नाही. रात्रीचे तापमान १८ अंशांवर गेल्यावाचून बी नीट उगवत नाही. उलट, पेरणी १५ फेब्रुवारीच्या पुढे लांबली, तर काढणी पावसात सापडण्याचे भय असते. मधले दिवस थोडेच. म्हणून थंडी ओसरण्याची वाट पाहत असतानाच आपण पुढील तयारी करावी.

पहिली गोष्ट, रान. नांगरट १२ ते १५ सेंटिमीटरच असावी; त्याहून खोल केल्यास शेंगा खोल जातात व उपटताना जमिनीत तुटून राहतात. मग धसकटे वेचून, शेणखत पसरून कुळवाची पाळी घालावी.

दुसरी, बी. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे. ७० हून कमी उगवले, तर ते बी पेरू नये.

तिसरी, पाभर. एके वर्षी आमच्या पाभरीची एक नळी मातीने बुजली होती. वरून रान सारखेच दिसे. पण दहा दिवसांनी पाहतो तो प्रत्येक फेऱ्यातील एक ओळ रिकामी! तोवर पेरणीची वेळ निघून गेली होती. यास्तव चाड्यात मूठभर बी टाकून ते प्रत्येक नळीतून पडते की नाही, हे आधी पाहावे. ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र असल्यास ते उचलून धरावे, चाक हाताने फिरवावे, आणि नळ्यांखाली पिशव्या बांधून दाणे मोजावे.

वाचकहो, आपल्या पाभरीच्या नळ्या आपण शेवटी केव्हा पाहिल्या?