जुन्या घराची डागडुजी आणि हक्कांचा हिशेब

जुन्नरहून पश्चिमेकडे घाटघरपर्यंत गेले की देश संपतो आणि नाणेघाटाची वाट कोकणात उतरू लागते. सातवाहनांच्या काळापासून कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरच्या बाजारपेठेत चढत असे. राणी नागनिकेचा शिलालेख असलेली लेणी आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही घाटमाथ्यावर आहेत. या पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की तेथील जुनी घरे जणू त्याच्याशी करार करूनच बांधलेली वाटतात: उंच जोते, उतरते कौलारू छप्पर, भिंतीपासून पुढे आलेली पडवी. अशा घरात माणसाचा वावर थांबला की दोन-तीन पावसाळ्यांत कौले सरकतात, वासे कुजतात आणि मातीच्या भिंती खालून ओल धरतात.

शहरात भाड्याच्या खोलीत संसार मांडलेल्या एखाद्या जोडप्याने वडिलोपार्जित असे घर दुरुस्त करून तेथे राहायला जाण्याचे ठरविले, तर शरियत त्यांना काय सांगते? हा प्रश्न केवळ बांधकामाचा नाही. तो मालमत्तेचा, नात्यांचा, शेजाराचा आणि नियतीचाही, म्हणजे आपल्या हेतूचाही, आहे.

सूरह अन-नहलच्या 80 व्या आयतीत अल्लाह आपल्या देणग्यांची आठवण करून देताना घराचा उल्लेख करतो. तेथे त्याने ‘सकन’ हा शब्द योजिला आहे. सकन म्हणजे जेथे जिवाला स्वस्थता लाभते ते ठिकाण. घर ही अशी देणगी असल्यामुळे तिची निगा राखणे हे कृतज्ञतेचेच अंग होय. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) हयातीत पाऊस आणि ऊन यांपासून आडोसा देणारे घर स्वतःच्या हातांनी, कोणाचीही मदत न घेता बांधल्याचे सहीह बुखारीत नमूद आहे. गरजेपुरते घर बांधण्यात वैराग्याला बाध येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

परंतु दुसरी बाजूही आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) आपली मोडकळीस आलेली झोपडी दुरुस्त करीत असताना प्रेषित मुहम्मद (स.) तेथून जात होते. हे काय चालले आहे, असे त्यांनी विचारले. झोपडी कमकुवत झाली आहे म्हणून ती ठीक करीत आहोत, असे उत्तर मिळाले. तेव्हा प्रेषितांनी (स.) एवढेच सूचित केले की मृत्यूची घटका मला याहूनही जवळ दिसते. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषितांनी (स.) दुरुस्ती थांबविण्यास सांगितले नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. हातातील काम चालू राहिले, फक्त नजर पुढच्या घराकडे वळविली गेली. हजरत खब्बाब (रजि.) यांचे बुखारीतील कथनही याच जातीचे आहे. मुसलमानाला प्रत्येक खर्चाचे पुण्य मिळते, मातीत घातलेल्या पैशाचे मात्र नाही, असे ते म्हणाले. आणि म्हणाले तेव्हा ते स्वतः भिंतच बांधीत होते! विद्वानांनी याचा रोख गरजेपलीकडच्या आणि दिखाव्याच्या बांधकामाकडे आहे, असा अर्थ लावला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कौल उतरविण्यापूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न असा की हे घर कोणाचे? ‘वडिलांचे, म्हणून माझे’ हे उत्तर आपल्या समाजात इतके सहज दिले जाते की त्यातील अन्याय कोणाला खुपतच नाही. समजा, वडील वारले आणि मागे त्यांची पत्नी, एक मुलगा व दोन मुली राहिल्या. सूरह अन-निसाच्या 11 व्या आणि 12 व्या आयतींनुसार, कर्ज व वसीयत फेडून उरलेल्या मालमत्तेचे 32 भाग केले तर आईला 4, मुलाला 14 आणि प्रत्येक मुलीला 7 भाग येतात. म्हणजे जो मुलगा घर ‘आपले’ समजून त्यावर हातोडा चालवितो, त्या घराचे 18 भाग, अर्थात अर्ध्याहून अधिक घर, त्याचे नाहीच. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर एकट्याचे नाव असल्याने हे बदलत नाही. ती करआकारणीची नोंद आहे, अल्लाहने ठरविलेल्या वाट्यांची नव्हे. त्याच सूरहची 7 वी आयत तर मालमत्ता थोडी असो की पुष्कळ, स्त्रियांचा वाटा निश्चित आहे असे बजावते. तेव्हा ‘पडके घर, त्यात काय वाटायचे’ ही सबबही टिकत नाही.

यावर बहिणींनी हक्कसोडपत्र दिले आहे, असे सांगितले जाते. ते कसे दिले, हे पाहिले पाहिजे. माहेर तुटेल या धास्तीने, ईदला भाऊ दारात उभा करणार नाही या भीतीने केलेली सही ही मनाची संमती नव्हे. मनाच्या खुशीवाचून कोणाही मुसलमानाचा माल दुसऱ्याला हलाल होत नाही, या आशयाची हदीस मुसनद अहमदमध्ये आहे. योग्य रीत अशी की आधी प्रत्येकीचा वाटा किती, त्याचे आजचे मोल किती, हे तिला स्पष्ट सांगावे आणि तो तिच्या स्वाधीन करण्याची तयारी दाखवावी. त्यानंतर ती स्वेच्छेने देणगी देईल किंवा रास्त किमतीला विकेल, तर तो तिचा अधिकार आहे. आणखी एक बाब फार थोड्यांना ठाऊक असते. हनफी फिकहचा सर्वसाधारण नियम असा की सामाईक मालमत्तेवर इतर हिस्सेदारांच्या परवानगीवाचून केलेला खर्च हा स्वेच्छेचा उपकार मानला जातो. पुढे त्यांच्या वाट्यातून तो वळता करून घेता येत नाही. मोडतोडीतून निघालेले जुने सागवानही सर्वांचेच. ते परस्पर विकून आलेला पैसा फरशीत घालणे वाजवी नाही.

बाहेरून येऊन या भागात घर विकत घेणाऱ्यांनीही सावध असावे. घाटघरच्या परिसरात महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर आदिवासीकडे पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरित होत नाही. कोणाला तरी नावापुरते पुढे करून केलेले व्यवहार कायद्याने तर बुडतातच, पण वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे जोखड घातले जाईल, हा बुखारी व मुस्लिम यांतील इशारा त्याहून भारी आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा. प्रेषित (स.) पस्तीस वर्षांचे असताना कुरैशांनी जीर्ण झालेल्या काबागृहाची पुनर्बांधणी केली. शिर्कमध्ये बुडालेल्या त्या लोकांनीही ठरविले की या घरात व्याजाचा, वेश्यावृत्तीचा किंवा कोणावर जुलूम करून मिळविलेला पैसा लावायचा नाही. शुद्ध पैसा कमी पडला, तेव्हा त्यांनी बांधकामच आखूड केले. हतीमचा भाग भिंतीबाहेर राहिला, तो आजतागायत. यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. हलाल कमाईत दोनच खोल्या नीट होत असतील तर यंदा दोनच कराव्यात. व्याजी कर्ज काढून स्लॅब टाकण्यापेक्षा जुनी कौले चाळून परत बसविणे बरे. तसेही कौलारू छप्पर त्या पावसाला चांगले सोसते.

पैशाच्या प्रश्नातच पत्नीचा प्रश्न दडलेला आहे. छप्पर घालायचे म्हणून तिचे दागिने मोडले जातात, मेहरची रक्कम खर्ची पडते, आणि घर मात्र पतीच्या एकट्याच्या नावावर राहते. मेहर ही पत्नीची मालमत्ता आहे. तिने खुशीने त्यातून काही दिले तरच ते पतीला घेता येते (सूरह अन-निसा, आयत 4). म्हणून तिने दिलेली रक्कम देणगी आहे, कर्ज आहे की घरातील भागीदारी, हे दोघांनी कामापूर्वी ठरवून लिहून ठेवावे. नवराबायकोत कसले लिहिणे, असे कोणी म्हणेल. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल-बकरा, 282) देण्याघेण्याचे लिखाण करण्याविषयीच आहे, आणि तिने पतिपत्नींना त्यातून वगळलेले नाही.

शेजाराकडे वळू. जुन्या गावठाणात दोन घरांची भिंत पुष्कळदा एकच असते. शेजाऱ्याला आपल्या भिंतीत तुळई रोवण्यास मनाई करू नये, ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोहोंत आहे. इमाम अहमद यांनी हे बंधनकारक मानले, तर इमाम अबू हनीफा यांनी सदाचाराची शिकवण मानले. दुसऱ्याच्या भिंतीत तुळई घालणाऱ्याने मात्र परवानगी मागावी, यात शंका नाही. पागोळ्यांचेही तसेच. छप्पर हातभर पुढे काढले की पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडते, आणि तेथील पावसाळ्यात हातभर पुढे म्हणजे चार महिने चिखल. हजरत उमर (रजि.) यांच्या अंगावर हजरत अब्बास (रजि.) यांच्या पन्हळीचे पाणी पडले, म्हणून त्यांनी ती काढविली. ती प्रेषितांनी (स.) बसविली होती असे कळताच खलीफांनी आपल्या पाठीवर उभे राहून ती परत बसविण्याची हजरत अब्बास यांना गळ घातली. मुसनद अहमदमधील या घटनेच्या सनदेविषयी विद्वानांनी चर्चा केली आहे. तरीही वाटेवर पडणारे पाणी हा खलीफाने लक्ष घालण्याचा विषय होता, हे तीतून दिसते.

गवंडी, सुतार आणि मजूर यांची मजुरी घाम सुकण्यापूर्वी द्यावी, ही इब्न माजामधील हदीस सर्वांना पाठ आहे. ‘उरलेले पावसाळ्यानंतर देऊ’ म्हणणारेही तेच. जुनी भिंत पाडताना काही सापडले तर? बुखारी व मुस्लिममध्ये अशा दोघांची कथा आहे. विकत घेतलेल्या जागेत सोन्याचा घडा निघाला, तेव्हा घेणारा म्हणाला की मी जमीन घेतली, सोने नव्हे. विकणारा म्हणाला की मी जमीन तिच्यातील सर्व वस्तूंसह विकली. अखेर निवाडा करणाऱ्याने एकाचा मुलगा व दुसऱ्याची मुलगी यांचा विवाह लावून ते धन त्यांच्यावर खर्च करण्यास आणि दान करण्यास सांगितले. आपल्याकडे 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे आवश्यक आहे. ती लपविणे अमानतीत बसत नाही.

घर तयार झाल्यावर उंबऱ्यावर लिंबू-मिरची बांधण्याची, किंवा कोणाला पैसे देऊन एका दिवसात कुरआन ‘आटोपण्याची’ गरज नाही. ज्या घरात सूरह अल-बकरा वाचली जाते, तेथून सैतान पळ काढतो, असे सहीह मुस्लिममध्ये आहे. ती पतिपत्नींनी स्वतः वाचावी, रोज एक पान का होईना. घराचा एखादा स्वच्छ कोपरा नमाजसाठी राखावा. सूरह अन-नूरच्या 61 व्या आयतीनुसार प्रवेश करताना सलाम करावा. आणि पहिल्या जेवणाला ज्यांचे वाटे त्या घरातून चुकते झाले त्या बहिणींना, तसेच भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना, त्यांचा धर्म न विचारता बोलवावे.